गोमाच्या नावाचे टाके

माणसाच्या पोटात पित्ताची पिशवी एकच असते, हे सदू निरगुडेला चाळिशी गाठेपर्यंत ठाऊक नव्हते. होळीनंतरच्या एका मंगळवारी, खोपोलीतल्या एका खासगी रुग्णालयात, सरकारी आरोग्य विम्याच्या टेबलासमोर उभे असताना ते त्याला कळले.

टेबलामागे झिनत बसली होती. शिळफाट्याची मुलगी; डोक्यावर करडी ओढणी, गळ्यात ओळखपत्र. विम्याखाली येणाऱ्या रुग्णांचे कागद तपासायचे, ते संगणकावर चढवायचे आणि वरून मंजुरी आणायची, हे तिचे काम. त्या कामाला 'आरोग्यमित्र' असे गोड नाव होते, पण तिच्या वाट्याला मैत्रीपेक्षा भांडणेच अधिक येत. तिने पडदा सदूकडे वळवला. मग याला वाचता येत नाही हे ध्यानात येऊन पुन्हा आपल्याकडे फिरवला.

"नामंजूर झालंय, भाऊ."

"म्हंजे? कागुद कमी हाय का?"

"कागद सगळे आहेत. एक जास्तच आहे. गोमा कमळू निरगुडे यांची पित्ताची पिशवी दोन वर्षांपूर्वीच काढलेली आहे, असं इथे दिसतंय. ह्याच दवाखान्यात." तिने सकाळी काढलेला सोनोग्राफीचा काळा कागद उचलून उजेडात धरला. "आणि ही बघा पिशवी. जागच्या जागी आहे, खड्यांनी भरलेली. आता मला सांगा, काढलेली पिशवी परत उगवते का? ती काय केळीचा कंद आहे?"

रांगेतला एक माणूस हसला. सदू हसला नाही. त्याचा उजवा हात आपसूक बरगडीखाली गेला आणि शर्टावरूनच त्याच्या बोटांना ती वीतभर लांब, सुंभासारखी गाठाळलेली रेघ लागली. गोमाच्या नावाची पिशवी तिथून निघाली होती.

"तुमच्या भावाला विचारून या, कसलं ऑपरेशन झालं होतं ते," झिनत म्हणाली. "लवकर या. डॉक्टर म्हणालेत, पिशवीत पू झालाय. उद्या दुपारच्या पुढे थांबता येणार नाही. मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं तर न्या म्हणतात, पण एवढ्या तापात वाटेची हमी ते देत नाहीत. आणि तुम्ही स्वतः भरणार असाल तर ऐंशी हजार."

"बघतो, ताई," एवढेच बोलून सदू बाजूला झाला.

त्याचे असे झाले होते. माथेरानच्या डोंगराच्या पोटाशी, चौकच्या वरच्या अंगाला टेपाची वाडी आहे. घरे तीस-पस्तीस. तिथे कुणाच्या घरात जे असेल, ते ज्याला लागेल त्याचे, ही रीत कुणी घालून दिलेली नव्हती. ती पाण्यासारखी वाहत आलेली होती. लाकडे फोडायची मोठी कुऱ्हाड ज्याच्या दारात दिसेल तिथून न्यायची. चांदीच्या तोड्यांचा तर साऱ्या वाडीत एकच जोड होता, आणि गेल्या वीस वर्षांतल्या सगळ्या नवऱ्या तेच तोडे पायांत घालून मांडवात उभ्या राहिल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी सदू पोट धरून गडबडा लोळू लागला तेव्हा गोमाने आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या भोपळ्याशेजारून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून विम्याचे कार्ड काढले आणि धाकट्या भावाच्या हातात ठेवले.

"घेऊन जा. मला काय धाड भरलीय? पडूनच तर हाय."

सदूचे स्वतःचे कार्ड नव्हते. दोन चुली झाल्या तेव्हा भावाच्या रेशनकार्डावरून त्याचे नाव निघाले होते. नवे काढायला खालापूरला खेप मारायची, ते आज-उद्यावर राहिले होते. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. भाऊ-भाऊ तोंडावळ्याने सारखे, आणि कार्डावरचा फोटो तर इतका काळवंडलेला की त्यात वाडीतला कुणीही पुरुष बसला असता. दवाखान्यात अंगठा लावायची वेळ आली तेव्हा यंत्राला सदूचा अंगठा दिसलाच नाही. कोयता धरून, दगड उचलून त्याच्यावरच्या रेघाच झिजून गेल्या होत्या. टेबलावरच्या मुलीने चार वेळा प्रयत्न केला, 'अंगठा उमटत नाही' असे लिहिले, सही केली, आणि सदू पाच दिवसांकरिता गोमा झाला.

खरी पंचाईत ठमीची झाली होती. ठमी सदूची बायको. कार्डावर गोमाच्या बायकोचे नाव वनिता; म्हणून रुग्णाची बायको म्हणून वनिता याच नावाने ठमीला अंगठा उठवावा लागला. ज्या थोरल्या दिरासमोर ती पदर सावरल्याशिवाय कधी उभी राहिली नव्हती, त्याची ती कागदोपत्री बायको झाली. वाडीत परतल्यावर वनिताने आठ दिवस तिला सोडले नाही. नळावर, शेतात, चुलीशी, जिथे गाठेल तिथे ती म्हणे, "काय सवती, बरी हायेस ना?"

लबाडी केली असे कुणाच्याही मनात आले नव्हते. कुऱ्हाड दिली, तोडे दिले, तसे नाव दिले. दिल्याने नाव काय झिजते?

आणि त्या उसन्या नावाने सदूचे घर उभे राहिले होते, हे मात्र खरे. ते सदूला भिवाजीकडे पाहून कळे. भिवाजीची बायको त्याच साली छातीच्या दुखण्याने पडली. त्याच्या घरी कार्ड नव्हते, आणि वाडीत उसने न्यायला बाईमाणसाचे, तिच्या वयाशी जुळणारे कार्ड मिळाले नाही. भिवाजीने आधी बैल विकले, मग शेळ्या, शेवटी ओढ्याकाठचा तुकडा. त्या तुकड्यावर आता मुंबईच्या कुणाचे तरी फार्महाऊस होते, निळ्या पाण्याचा पोहण्याचा तलाव होता आणि भिवाजी त्याचा माळी होता. सदू मात्र टाके निघाल्यावर दोन महिन्यांत साजगावच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला लागला. बैल दावणीला राहिले. थोरली मुलगी आईबापांच्या मागे वीटभट्टीवर न जाता आश्रमशाळेत राहिली. यंदा दहावीला बसली होती. दुखणे दोघांकडेही आले होते. एकाकडून ते सगळे घेऊन गेले. दुसऱ्याकडून फक्त पिशवी घेऊन गेले.

पुरुषांच्या वॉर्डात गोमा कुशीवर वळून पडला होता. पन्नाशीचा, काटक गडी. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबल्या की पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावर घेऊन माथेरानच्या हॉटेलांपर्यंत चालत नेणारा. त्या मानेवर दोन-दोन बॅगा डुलत नसत; आज ती मान उशीवरून उचलवत नव्हती. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. उशाशी वनिता आणि पायथ्याशी, नुकतीच भाकरी घेऊन आलेली ठमी बसली होती.

सदूने झाला प्रकार सांगितला. मग वनिताला हसू आवरेना.

"घ्या! म्हंजे कागदावर ह्यांचं पोट रिकामंच हाय. सदूभावजी, पाच दिस माजं दादलं झालात, एक लुगडं नाय घेतलंत. आन् वर ह्यांची पिशवी बी नेलीत!"

"वयनी, कुठं बोलताव!" ठमीने पदर तोंडाशी धरला.

"तू गप गं सवती."

"नका रं हसवू," गोमा कण्हला. "हसलं का कळ येते." कळ ओसरल्यावर त्याने सदूचे मनगट धरले. हात तापाने भाजत होता. "सदू, ऐक. कार्डाचं एक अक्शार बोलायचं नाय. त्या पोरीला सांग, आमाला ठावं नाय, मशिनीची चूक असंल."

"आन् पैसं?"

"प्रवीणला फोन लाव."

वनिताचे हसू पुसले गेले. प्रवीण कोण हे वाडीत कुणाला सांगावे लागत नसे. तो कर्जतचा; फार्महाऊससाठी जमिनी जमवून देणारा. आदिवासीची जमीन परस्पर घेता येत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि त्यातून निघणाऱ्या वाटाही तितक्याच पक्क्या ठाऊक होत्या. निरगुड्यांचे माळावरचे दीड एकर वरकस त्याच्या डोळ्यांत चार वर्षे भरले होते. वरकस म्हणजे उताराचे, नाचणी-वरीचे रान. पण तिथून सबंध माथेरानचा कडा दिसे, आणि प्रवीणच्या गिऱ्हाइकांना नाचणी नको होती, कडा हवा होता. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे होती. एकाच्या अंगठ्याने ते हलणार नव्हते.

"दादा, वरकस गेल्यावर खायाचं काय?"

"वरकस गेलं तर नाचनी जाईल. मी गेलो तर?" गोमाने डोळे मिटले. "तू बोललास तर तुला आत टाकतील. साजगावचा ठेकेदार मंग दारात तरी उभा करंल का? पोरीची धाव्वी हाय. जमीन गेली तर दोगांची जाईल, पर तुजं घर ऱ्हाईल. नाव मी दिलं व्हतं. तू मागितलं नव्हतंस."

सदूने आठवून पाहिले. खरोखरच त्याने मागितले नव्हते. त्यामुळे ओझे काही हलके होईना.

दुपारी एकच्या सुमारास प्रवीण आला. दवाखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्याने बाकड्यावर रुमाल झटकला, जाड पिशवीतून कागद काढले आणि शाईचा निळा पॅड उघडून ठेवला. त्याच्या गाडीतून भिवाजीही उतरला होता. गोमाला द्यायला डझनभर केळी हातात.

"सदूभाऊ, वेळ वाईट आहे म्हणून मी भाव पाडलेला नाही, हे लक्षात ठेव," प्रवीण म्हणाला. "चार वाजेपर्यंत पैसे दवाखान्यात भरतो. परवानग्यांचं नंतर मी बघतो. आज नुसता करार. आधी तुझा अंगठा, मग आत जाऊन गोमाचा."

"माजा अंगठा उमटत नाय."

"कशात उमटत नाही?"

"मशिनीत."

"मशीन कुणी आणलंय इथं?" प्रवीण हसला. त्याने सदूचा अंगठा हळूच धरला आणि पॅडवर टेकवला. "शाईला सगळे अंगठे चालतात."

खरेच, अंगठा निळाशार झाला. सदू त्याच्याकडे पाहत राहिला. विम्याच्या यंत्राला न दिसणारा हा अंगठा जमीन द्यायला बिनबोभाट चालत होता. त्याने मान वर केली तेव्हा भिवाजी केळ्यांची फणी एका हातातून दुसऱ्या हातात घेत उभा होता.

"भिवाजीकाका, त्या तलावात पानी कुठलं सोडताव?"

"आपल्याच झऱ्याचं की."

"मालक बरं हायेत?"

"बरं हायेत. पगार येळेवर. फकस्त शनवार-रयवार पावनं आलं का मला मागल्या अंगानं जायाला लागतं. माज्याच बांधावरनं."

"आन् त्ये पैसं किती दिस पुरलं, काका?"

भिवाजीने प्रवीणकडे पाहिले, मग केळ्यांकडे. "कारभारनीच्या दहाव्यापत्तूर," तो म्हणाला.

प्रवीणने कागद पुढे सरकवला. "ह्या चौकोनात. नीट दाब."

सदूने अंगठा उचलला. कागदाच्या चार बोटे वर तो थांबला. कडेच्या रस्त्याने एक टँकर घरघरत गेला. पैसे चार वाजता येणार होते, ते नक्की होते. बोलून काय येणार होते, ते कुणालाच सांगता आले नसते. शहाण्या माणसाने नक्की असलेले धरावे. पण सदूच्या मनात आले, हे दीड एकर आज दादाच्या पिशवीत गेले, तर पुढचे दुखणे कशात घालायचे? दुखणे काय पत्ता विचारून एकदाच येते?

"थांबा. आलोच," तो उठला.

"अरे, शाई वाळेल!"

"वाळू द्या."

टेबलासमोर तिघे उभे होते. सदू त्यांच्या मागे थांबला नाही. त्याने झिनतसमोर जाऊन शर्ट वर केला. निळा अंगठा लागून पांढऱ्या कापडावर डाग पडला.

"ताई, ही बघा. दादाची पिशवी हितनं काढली."

झिनतने आधी चिडून, मग नीट पाहिले. उजव्या बरगडीखालून तिरकी गेलेली रेघ. दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके.

"तुमचं नाव काय?"

"सदू. सदू कमळू निरगुडे. तवा गोमा व्हतो."

रांगेतले लोक आता हसत नव्हते. झिनतने त्यांना बाकावर बसायला सांगितले आणि दोन वर्षांपूर्वीची नोंद उघडली. वाचता वाचता ती एका जागी थांबली.

"'अंगठा उमटत नाही. कागदपत्रांवरून ओळख पटली,'" ती सावकाश म्हणाली. "हे मी लिहिलंय. ही माझी सही."

"तुमाला कुठं ठावं व्हतं?"

"ठाऊक असायला हवं होतं. त्यासाठीच मला इथे बसवलंय." तिने पडद्यावरून नजर काढली. "भाऊ, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? हा गुन्हा आहे. झालेला खर्च परत मागतील. चौकशी होईल. प्रकरण पोलिसांपर्यंत जाणार नाही असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही, आणि भावाची मंजुरी येईलच असंही नाही."

"व्हय."

"मग कशाला आलात? बाहेर तो माणूस पैसे घेऊन बसलाय. मी खिडकीतून बघितलं."

सदूने शर्ट खाली सोडला. "ताई, वरकस आज गेलं तर दादा वाचंल. पर फुडल्या साली ठमीला कायतरी झालं, तर मी कुनाचं नाव घालू? आन् तवा काय इकू?"

झिनतने जे विचारले त्यात राग होता, पण तो सदूवर होता असे त्याला वाटले नाही. "तुमचं स्वतःचं कार्ड का नाही काढलंत? त्याला एक पैसा पडत नाही. रेशनकार्डावर नाव असतं तर तेव्हाच, तुमच्याच नावाने, हेच ऑपरेशन फुकट झालं असतं. सरळ. कुणाचं काही न घेता."

सदू खुळ्यासारखा पाहत राहिला. दोन वर्षे तो समजत होता की गोमाकडे काहीतरी दुर्मीळ होते, आणि ते भावाने त्याला दिले. ते प्रत्येकाला आपापले मिळू शकते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. त्यानेही कुणाला विचारले नव्हते.

"नाव कुठं मागायचं त्ये ठावं नव्हतं," तो म्हणाला. "भावाचं घरात व्हतं."

झिनतने कपाळावरची ओढणी मागे सारली. "शिळफाट्यावर झाकीरभाईंचा पिवळा टेंपो असायचा. बघितला असेल तुम्ही."

"भाजीचा? म्होरं आरसं लावल्याला?"

"तोच. माझे अब्बा. अम्मीच्या हृदयाच्या ऑपरेशनला विकला. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. अम्मी आहे, अल्लाचे उपकार; पण अब्बा आता दुसऱ्याचा टेंपो चालवतात, त्याच रस्त्यावर." ती आवाज खाली आणून म्हणाली, "जुनी नोंद चुकून ह्या नंबरावर चढली, कारकुनी चूक, असंही लिहिता येईल. तुम्ही सुटाल. मीही सुटेन."

"मंग?"

तिने कोरा कागद ओढला, पेनचे टोपण काढले, परत लावले. शेवटी पेन कागदावर टेकवले. "नको. एक खोटं झाकायला दुसरं लिहिलं, तर तिसऱ्या खेपेला कुणाची पिशवी कुणाच्या पोटात शोधायची? सांगा. सुरुवातीपासून. सावकाश."

सदू सांगत गेला. भोपळा, आढे, कार्ड, ठमीचा अंगठा, सगळे. ती लिहीत गेली, आणि ओळख पटवण्यात आपण चूक केली हेही तिने आपल्या नावासकट लिहिले. मग कागद वाचून दाखवला. "इथे अंगठा. थांबा, शाई..."

"लागल्याली हाय," सदू म्हणाला.

पण ती जवळजवळ वाळली होती. ठसा फिकट, अर्धवट उमटला. झिनतने खणातून आपला पॅड काढला. दुसरा ठसा नीट आला.

"आता दोन पोटांचे फोटो लागतील," ती उठली. "एक टाके असलेलं, एक नसलेलं."

वॉर्डात तिला पाहताच गोमा समजला. "सांगितलंस?" त्याने विचारले.

"सांगितलं, दादा."

गोमाने तोंड भिंतीकडे फिरवले. वनिताच पुढे झाली, तिने नवऱ्याचा सदरा वर केला. "काढा, ताई. लगनात बी ह्यांचा फोटू काढला नव्हता. पोटाचं नशीब थोर."

भाऊ शेजारी शेजारी होते. एक खाटेवर, दुसरा खाली वाकून. झिनतने फोन तिरका धरून दोन्ही पोटे एका चौकटीत घेतली. सोनोग्राफी, डॉक्टरांचे पत्र, जबाब आणि फोटो असे सगळे तिने पाठवले आणि नंतर तासभर फोनवर कुणाशी तरी बोलत राहिली. "सर, नियम मला माहीत आहे... हो सर, माझीच सही... पण पेशंटने काहीही केलेलं नाही, पिशवी त्याच्या पोटात आहे सर," एवढेच सदूला दाराबाहेर ऐकू आले.

प्रवीण पाचपर्यंत थांबला. मग त्याने कागद पिशवीत घातले. "माझा नंबर आहे तुझ्याकडे," तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. त्याला बहुधा अनुभव होता. भिवाजीने केळी ठमीच्या हातात दिली आणि जाता जाता, कुणाला ऐकू जाणार नाही असे विचारले, "सदू, त्या पोरीकडं घरातलं मानूस मेल्यावर बी कार्ड निघतं का रं? माजं म्हनत नाय. सुनंचं काढायचं हाय. तिला दिस गेल्यात."

"तितं जाऊन इचारा, काका. सुनंचं निघंल."

बुधवारी सकाळी गोमाचा ताप चढला. त्याला थंडी वाजू लागली. डॉक्टर दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी काही बोलले नाहीत. दहा वाजले. सदूने मनात प्रवीणचा नंबर म्हणून पाहिला. शेवटचे दोन आकडे आठवेनात, मग आठवले. वनिता आता थट्टा करत नव्हती. ती नवऱ्याचे पाय चोळत बसली होती, आणि तिने एकदाही सदूकडे पाहिले नाही. त्या न पाहण्याला सदू कारखान्यातल्या भट्टीपेक्षा अधिक भ्याला. बोलून आपण भावाला मारले की काय, हा प्रश्न त्याला सोडत नव्हता.

अकराला पाच कमी असताना झिनत वॉर्डाच्या दारात आली. ती धावत आली होती. ओढणी खांद्यावर घसरली होती.

"आली मंजुरी. तातडीची म्हणून दिलीय." मग श्वास घेऊन तिने हातातले कागद चाळले. "बाकीचंही आलंय. भाऊ, पुढच्या सोमवारी तुम्हाला अलिबागला चौकशीला जायचंय. पैसे भरायला लावतील, हप्ते मागता येतील. मलाही खुलासा द्यायचाय. माझं काय होईल, ते मला ठाऊक नाही."

"ताई, मी सांगन तितं, चूक माजी म्हनून."

"तुम्ही फक्त खरं सांगा. माझं मी बघेन." तिने आणखी एक छापील कागद त्याच्या हातात कोंबला. "आणि अलिबागच्या आधी खालापूर. हा नव्या रेशनकार्डाचा अर्ज. बायको, मुलगी, सगळी नावं घाला. अंगठा नाही उमटला तर आता चेहऱ्यावरूनही घेतात. मजुरी बुडेल, पण बुडू द्या."

वॉर्डातल्या मावशी चाकाची खाट घेऊन आल्या. गोमाला हिरवा झगा चढवला होता. त्यात तो लहान, अनोळखी दिसत होता. दाराशी खाट थांबली. नर्सने संमतीचा कागद पुढे केला.

"गोमा कमळू निरगुडे?"

दोन वर्षांपूर्वी याच दाराशी, याच नावाला सदू 'व्हय' म्हणाला होता. आता तो गप्प उभा राहिला. खाटेवरून बारीक आवाज आला, "मी. मीच हाय. बाई, या खेपेला तरी माजीच काढा."

वनिता हसली आणि हसता हसताच तिने डोळ्यांना पदर लावला. गोमाने मान वळवून भावाकडे पाहिले. कालपासून तो त्याच्याशी बोलला नव्हता.

"सोमवारी अलिबागला एकला जाऊ नको," तो म्हणाला. "कुनाला तरी संगती ने. आन् वरकसाच्या बांदाला काटी लाव, गुरं शिरतात."

खाट आत गेली. नर्सचा हात अजून कागद धरून तसाच होता.

"पेशंटचे तुम्ही कोण?"

"भाऊ."

"नाव?"

"सदू कमळू निरगुडे," त्याने सांगितले, आणि ती नीट लिहीपर्यंत थांबून, कालच्या शाईने अजून निळसर असलेला अंगठा पॅडवर टेकवला.